जालन्याच्या बाळासाठी सुताचे झबले

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. पेठेच्या भरभराटीसाठी ती म्हटली जाते. पण पाळण्यातल्या बाळाच्या अंगात काय घालावे, हा प्रश्न सोन्याने सुटत नाही. घरात बाळ येणार म्हटले की आजी, आत्या, मावशी यांपैकी कुणीतरी क्रोशाची सुई हातात घेते आणि दुकानातून पहिल्यांदा गुबगुबीत बेबी वूलच्या गुंड्या येतात. स्वेटर, टोपी, मोजे असा संच तयार होतो. त्यात माया असते, कौशल्य असते, बारशाच्या फोटोत तो खुलूनही दिसतो. मात्र बाळ तो दोन-चारदा घालते आणि मग तो कपाटात जातो. कारण तो विणताना जिल्ह्याच्या हवेचा, बाळाच्या शरीराचा आणि जन्माच्या महिन्याचा विचार झालेला नसतो. म्हणून इथे एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. जालन्यातल्या बाळासाठी क्रोशाने विणायचे असेल तर लोकर बाजूला ठेवा, मऊ सुती दोरा घ्या, समोरून पूर्ण उघडणारे सैल झबले विणा आणि त्याचे माप बाळाच्या जन्माच्या महिन्यावरून ठरवा. हे का, आणि मग कसे, ते क्रमाने पाहू.

आधी हवा. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात रात्रीही भिंती तापलेल्या असतात आणि ऐन उकाड्यात वीज गेली की पंख्याचाही आधार उरत नाही. खरी थंडी पडते ती डिसेंबर-जानेवारीत, पण तीही दिवसभर टिकत नाही. पहाटे १०-१२ अंशांवर असलेला पारा दुपारी २५-२८ अंशांपर्यंत चढतो. इतका फरक एका दिवसात पडत असेल तर एकच जाड कपडा सकाळी कमी पडतो आणि दुपारी जास्त होतो. इथे पातळ थर लागतात, आणि ते झोपलेल्या बाळाला न उठवता घालता-काढता आले पाहिजेत. बाळाचे शरीरही हेच मागते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या अडीच-तीन पट असते. त्यामुळे थंडीत त्याची ऊब चटकन जाते आणि उकाड्यात ते चटकन तापते. कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला जमत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत पुरेसा घामही येत नाही. अंगावरचा कपडा ते स्वतः दूर करू शकत नाही आणि उकडते आहे हे सांगूही शकत नाही. आपल्याकडे बाळाला थंडी लागेल ही काळजी सगळेच करतात. त्याला उकडत असेल, हा विचार मात्र मागे राहतो.

आता दोरा. बाजारात ‘बेबी वूल’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गुंड्यांत मेंढीची लोकर नसते, ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा असतो. वेष्टणावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते, पण ते वाचतो कोण? खात्री करायची असेल तर वीतभर दोरा चिमट्यात धरून, मुलांपासून दूर, ताटलीवर पेटवून पाहावा. सूत कागदासारखे जळते आणि हलकी राखाडी राख उरते. खरी लोकर पेटायला नाखूश असते आणि तिला जळक्या केसांचा वास येतो. ॲक्रिलिक वितळत जळते आणि त्याचा काळा, टणक मणी बनतो. फरक केवळ जळण्याचा नाही. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के बाष्प धरून ठेवतो, मेंढीची लोकर सुमारे १६ टक्के, तर ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. म्हणजे ॲक्रिलिकच्या स्वेटरमध्ये बाळाला घाम आला की तो धागा शोषून घेत नाही. ओल कातडीवरच राहते आणि मानेच्या घड्यांत, काखेत, पाठीवर घामोळ्या उठतात. दोष मेंढीच्या लोकरीचा नाही. आपण लोकर समजून जे घेतो तो धागा लोकर नाही आणि आपल्या हवेला सोसणाराही नाही.

सुताच्या बाजूने दुसरी कारणे आपल्या घरातल्या चालीरीतींतच आहेत. बाळाला रोज तेल लावून मालिश होते आणि ते तेल कपड्यात उतरते. दुधाच्या गुळण्या आणि शी-शू तर दिवसभर चालूच असते. असा कपडा गरम पाण्यात साबण लावून चोळावा लागतो. सुती धागा ओला झाल्यावर उलट अधिक बळकट होतो, गरम पाणी सोसतो आणि उन्हात वाळवता येतो. लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते आणि ॲक्रिलिक इस्त्रीच्या उष्णतेने मरगळते. आंघोळीनंतर धुरी देण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. धूर तान्ह्या छातीला चांगला नाही म्हणून डॉक्टर ती टाळायला सांगतात, आणि त्यांचे ऐकावे. पण शेगडी बाळाजवळ आलीच तर वितळून कातडीला चिकटणारा धागा बाळाच्या अंगावर असणे फार धोक्याचे. सूतही पेटते, हे विसरू नये. निखाऱ्याजवळ कोणताच विणलेला कपडा नको. शेवटचे कारण कपाटातले आहे. लोकरीला कसर लागते, म्हणून घरोघरी लोकरी कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकतात. त्या बहुधा नॅफ्थॅलिनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला नॅफ्थॅलिनमध्ये ठेवलेला कपडा घातला तर तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांना ठाऊकही नसते. लोकर खाणारी कसर सुताच्या वाटेला जात नाही. सुती झबले कोरडे करून कडुलिंबाच्या वाळल्या पानांसोबत ठेवले तरी पुरते.

यावर नेमका आक्षेप असा की सूत ओले झाले की गार पडते, लोकर मात्र ओलीही ऊब देते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच जिथे दिवसच्या दिवस बर्फ पडतो तिथे राहणाऱ्या मराठी घरांनी आपल्या बाळासाठी मऊ, यंत्रात धुता येणारी मेरिनो लोकर जरूर घ्यावी. त्यांच्या हवेत तेच शहाणपण आहे. जालन्याची हिवाळ्यातली हवा कोरडी असते. ओले झालेले पातळ झबले लगेच बदलता येते आणि दुपारच्या उन्हात ते वाळतेही. दुसरा आक्षेप असा की सुती विणकाम जड होते आणि धुतल्यावर लोंबते. हेही खरे आहे, आणि क्रोशाच्या कामाला काट्यांवरच्या विणकामापेक्षा सूत जास्तच लागते. यावर उपाय टाक्यांत आहे. घट्ट मुक्या खांबांऐवजी उंच, सैल खांबांत विणावे, झबले कमरेच्या जरा खालीच थांबवावे आणि विणण्यापूर्वी नमुना धुऊन मोजावा. या तीन गोष्टी केल्या तर वजन आणि लोंबणे दोन्ही आवाक्यात राहतात. सुताच्या बाजूने आणखी एक कारण पुष्कळांच्या मनात येईल, ते अभिमानाचे. हा जिल्हा कापसाचा आहे. काळ्या जमिनीत पऱ्हाटी उभी राहते आणि गाठी बांधल्या की कापूस बाहेरच्या सूतगिरण्यांकडे जातो. कापसाच्या संकरित बियाण्यांसाठी देशभर ओळखली गेलेली महिको कंपनी १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यातच उभी केली. हे सगळे खरे असले तरी आपल्या मातीतला म्हणून कापूस घ्या, असे मी म्हणणार नाही. बाळाच्या अंगाला अभिमानाची ऊब लागत नाही. हवा, घाम आणि धुणे या तिन्ही कसोट्यांवर सूत उतरते, एवढे कारण पुरे आहे.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा आक्षेप याहून मोठा आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. तान्ह्या बाळाचे डोके, कान, पाय झाकलेच पाहिजेत, टोपडे-कुंची हवीच, असे त्या सांगतात. त्यात पिढ्यांचे निरीक्षण आहे. बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, त्यामुळे तिथून बरीच ऊब जाते. जागतिक आरोग्य संघटनाही नवजात बाळाला खोलीच्या तापमानानुसार मोठ्यांपेक्षा एक-दोन थर जास्त घालावेत आणि टोपी वापरावी, असेच सांगते. जन्मानंतरच्या दिवसांत, थंडीच्या पहाटे, दवाखान्यातून घरी आणताना हे पाळावे. पण ‘तापमानानुसार’ हे शब्द वगळून तो नियम मे महिन्यात लावला तर बाळ तापते. झोपेत टोपी नाकातोंडावर सरकण्याचा धोकाही असतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ सालच्या शिफारशींत पहिले काही तास आणि अतिदक्षता विभाग सोडला तर घरात बाळाला टोपी घालू नये, असे म्हटले आहे. वाद सोडवण्यासाठी हात लावून पाहावा. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर बाळ ठीक आहे. पोट कोमट पण पाय गार असतील तर एक थर वाढवा. दोन्ही गार लागले तर बाळाला उघड्या छातीशी धरून लगेच दवाखाना गाठा. मान घामेजलेली आणि चेहरा लाल असेल तर एक थर काढा. तापमापीवर ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे नवजात बाळाचे योग्य तापमान. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर कोणतेही विणकाम आईच्या छातीची जागा घेऊ शकत नाही. कांगारू पद्धतीने, कातडीला कातडी लावून ठेवणे हाच त्याचा पहिला पोशाख. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. थरांबद्दल शंका असेल तर त्यांना विचारावे.

मग कुणी विचारेल, क्रोशाचेच कशाला? जुन्या धोतराचे, मऊ झालेल्या लुगड्याचे अंगडे-टोपडे काय वाईट? वाईट मुळीच नाही. पहिल्या सव्वा महिन्यात बाळाच्या कातडीला लागून जुने, शंभरदा धुतलेले सुती कापडच असावे. नव्या दोऱ्याच्या टाक्यांचे उंचवटे त्या कातडीला टोचतात. क्रोशाचे झबले हा वरचा थर आहे. आत मऊ कापड, वर विणलेले झबले, अशी जोडी केली तर दोन्हींमध्ये हवा अडते आणि जाडी न वाढता ऊब मिळते. दुपारी वरचा थर काढला की आतले कापड एकटे पुरते. यात आणखी एक सोय आहे. बाळ जन्मण्याआधी त्याचे कपडे करू नयेत, असे पुष्कळ घरांत मानतात. ते मानावे किंवा न मानावे, पण पहिला सव्वा महिना जुन्या कापडाचा आहे हे मान्य केले की विणायला बाळाच्या जन्मानंतर बसले तरी चालते. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळल्यावर आत्याने सुई हातात घ्यावी. तीन ते सहा महिन्यांच्या मापाचे झबले वेळेवर तयार होते.

माप ठरवताना पंचांगासारखा महिन्यांचा हिशेब मांडावा. जून-जुलैमध्ये जन्मलेले बाळ संक्रांतीला सहा-सात महिन्यांचे असते. त्याच्यासाठी सहा महिन्यांचे, पूर्ण बाहीचे झबले दिवाळीपर्यंत तयार हवे. ऑगस्ट-सप्टेंबरचे बाळ ऐन थंडीत चार-पाच महिन्यांचे असेल, त्यालाही हेच माप पुरते. नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मलेले बाळ थंडीत अगदी तान्हे असते. त्याच्यासाठी इवलेसे झबले विणण्यात कष्ट वाया जातात, कारण होळीला थंडी सरते आणि बाळाला ते तोवर लहान झालेले असते. त्याच्यासाठी क्रोशाचे चौकोनी दुपटे विणावे, ते मांडीवर आणि प्रवासात वर्षभर कामी येते. मार्च ते मे महिन्यांतल्या बाळाला पहिले काही आठवडे विणलेले काहीच नको. पावसाळ्याच्या ओल्या वाऱ्यासाठी अर्ध्या बाहीचे सैल झबले आणि पुढच्या थंडीसाठी नऊ महिन्यांचे मोठे माप, असा क्रम ठेवावा. साधारण आकडे असे. जन्मतः डोक्याचा घेर ३४-३५ सेंटीमीटर आणि छातीचा त्याहून एक-दोन सेंटीमीटर कमी असतो. सहाव्या महिन्यात छाती ४२-४३ आणि वर्षाच्या सुमारास ४६ सेंटीमीटरच्या आसपास पोचते. झबले छातीपेक्षा ५-६ सेंटीमीटर सैल हवे. पहिल्या वर्षात डोके छातीएवढे किंवा तिच्याहून मोठे असते आणि क्रोशाचे काम फारसे ताणत नाही. म्हणून गळ्यातून ओढून घालायचे झबले विणूच नये, समोरून उघडेच विणावे.

दोरा निवडताना रुखवतातल्या तोरणांची आणि रुमालांची सवय बाजूला ठेवावी लागते. त्या कामाचा बारीक, घट्ट पिळाचा, चकचकीत दोरा आणि पोलादी सुई जाळीला छान आकार देतात, पण तोच कडकपणा बाळाच्या मानेला काचतो. बाळासाठी सैल पिळाचा, जरा जाडसर, चकाकी नसलेला शुद्ध सुती दोरा घ्या आणि सुई ३ मिलिमीटरची. गालाला घासून पाहा. तुमच्या गालाला खुपला तर बाळालाही खुपेल. सहा महिन्यांच्या झबल्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम दोरा जवळ ठेवावा आणि तो एकाच रंगफेरीतला असल्याचे पाहून घ्यावे. आता नमुना. साधारण १२ सेंटीमीटर रुंद चौकोन खांबांत विणा, ज्या पाण्याने आणि साबणाने बाळाचे कपडे धुणार त्यानेच तो धुवा, सपाट वाळवा आणि मगच मधले १० सेंटीमीटर मोजा. त्यात २० खांब आणि १० ओळी बसल्या पाहिजेत. खांब जास्त भरले तर सुई मोठी घ्या, कमी भरले तर लहान. बोअरचे पाणी जड असेल तर क्षार धाग्यात बसून कापड ताठ होते, तेही या नमुन्यातच कळेल. तसे झाले तर शेवटच्या खळबळण्याला शक्यतो पावसाचे साठवलेले पाणी वापरा आणि साबण कमी लावा. टंचाईच्या दिवसांत जाड विणकामातून साबण निघायला जास्त पाणी लागते, सैल टाक्यांचा हाही एक फायदा.

झबले गळ्यापासून खाली, एका अखंड तुकड्यात विणावे. शिवण कमी, म्हणजे टोचणारी जागाही कमी. ५४ साखळ्या घाला आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घ्या. सोडलेल्या तीन साखळ्या एका खांबाच्या, त्यामुळे ओळीअखेर ५२ खांब भरतील. त्यांची वाटणी अशी: समोरचा एक भाग ८, कोपरा १, बाही ८, कोपरा १, पाठ १६, कोपरा १, बाही ८, कोपरा १, समोरचा दुसरा भाग ८. म्हणजे ९वा, १८वा, ३५वा आणि ४४वा खांब हे चार कोपरे. तिथे रंगीत दोऱ्याच्या खुणा बांधा. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक कोपऱ्यात एकाच जागी ३ खांब घ्यायचे आणि बाकी सगळीकडे खांबावर खांब. तिघांतला मधला खांब हा पुढच्या ओळीचा कोपरा. दर ओळीला ८ खांब वाढतात. अशा १२ वाढीच्या ओळी झाल्या की एकूण १४८ खांब होतील: समोरचे २०-२०, बाह्यांचे ३२-३२, पाठीचे ४० आणि कोपऱ्यांचे ४. इथे थांबून मोजा. आकडा जुळत नसेल तर एखादी ओळ उसवायला कंटाळू नका, चूक पुढे नेली की एक बाही अरुंद होते.

चौदाव्या ओळीत बाह्या वेगळ्या होतात. समोरचे २० खांब आणि कोपरा विणून ६ साखळ्या घाला, बाहीचे ३२ खांब तसेच सोडून द्या, पुढचा कोपरा, पाठीचे ४० आणि तिसरा कोपरा विणा, पुन्हा ६ साखळ्या घालून दुसरी बाही सोडा आणि राहिलेला कोपरा व २० खांब विणून ओळ पुरी करा. अंगाचे ९६ टाके, म्हणजे ४८ सेंटीमीटर घेर मिळतो. ही ओळ धरून अशा १३ ओळी झाल्या की खांद्यापासून लांबी सुमारे २६ सेंटीमीटर भरते. बाहीसाठी सोडलेले ३२ आणि काखेतल्या साखळ्यांचे ६ असे ३८ खांब गोलाकार विणा. पावसाळी झबल्याला ४-५ फेऱ्या पुरेत. हिवाळी बाहीला १४ फेऱ्या विणा आणि दर तिसऱ्या फेरीत काखेखाली दोन खांब कमी करा. असे चारदा केले की मनगटाशी ३० खांब उरतात. गळा, समोरच्या कडा आणि घेर यांना मुक्या खांबांच्या दोन ओळींची किनार द्या, म्हणजे कडा ताणल्या जाणार नाहीत. समोरच्या कडांना आतून जुन्या धोतराची मऊ पट्टी शिवून त्यावर टिच बटणे लावा, किंवा छातीशी आखूड बंद लावा. गळ्याशी बंद नकोच, आणि छातीचे बंदही मानेला वेढा पडणार नाही इतके आखूड हवेत.

क्रोशाच्या सौंदर्याचा आणि बाळाच्या सुरक्षेचा झगडा इथूनच सुरू होतो. त्यात सुरक्षेचीच बाजू घ्यावी. मोठ्या छिद्रांची जाळी सुरेख दिसते, पण तान्ह्याची बोटे तिच्यात अडकतात. म्हणून जाळी घालायचीच तर ती घेराशी आणि बारीक छिद्रांची. मोज्यांच्या आत राहिलेले दोऱ्याचे सैल टोक पायाच्या बोटाभोवती गुंडाळले जाऊन रक्तप्रवाह अडतो आणि बोट सुजते. केसानेही असे होते. बाळ कारण नसताना कळवळून रडू लागले तर आधी बोटे पाहावीत. मोजे विणलेच तर उलटे करून प्रत्येक टोक तपासा. दोऱ्याचे प्रत्येक टोक १०-१२ सेंटीमीटर लांब सोडून तीन दिशांनी टाक्यांत ओवून घ्या. आखूड कापून गाठ मारली तर ती धुण्यात सुटते. मणी, टिकल्या, लोकरीचे गोंडे, जरीचा दोरा, कुरळ्या केसाळ धाग्याची किनार, सेफ्टी पिन यांतले काहीही नको. बटण लावलेच तर दर धुण्यानंतर ओढून पाहा, सैल झालेले बटण बाळाच्या घशात जायला क्षण पुरतो. आणि बाळ झोपले की विणलेले दुपटे त्याच्या चेहऱ्याजवळ राहू देऊ नका.

बोरन्हाणासाठी काळे झबले विणायचा हौशी प्रघात आहे, आणि तो जरूर पाळावा. मात्र काळा, लाल आणि गडद निळा दोरा रंग सोडतो. विणण्यापूर्वी दोऱ्याचा तुकडा कोमट साबणपाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात घट्ट दाबा. कापडावर डाग उतरला तर तो दोरा बाळाच्या तोंडात जाणाऱ्या बाहीला उपयोगाचा नाही. पक्क्या रंगाचा मिळेपर्यंत शोधा, किंवा पांढरे झबले विणून त्याला फक्त घेराशी काळी किनार द्या. आत पांढरे सुती झबले असले की सोहळाही होतो आणि कातडीही सांभाळली जाते. कोणत्याही रंगाचे झबले पहिल्यांदा घालण्याआधी दोनदा धुवावे, दोऱ्याची खळ आणि दुकानातली धूळ त्यात निघून जाते.

शेवटचा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. तयार झबले बाजारात स्वस्त मिळते, मग इतके तास कशाला घालवायचे? बाजारातले जाळीदार स्वस्त कपडे बहुतेक यंत्रावर विणलेले असतात. हातच्या क्रोशाची गाठ यंत्राला अजून नीट साधलेली नाही. म्हणून खरेच क्रोशाचे काम फार स्वस्त मिळाले, तर त्यामागे कुणा बाईच्या हातांना पुरता मोबदला मिळालेला नाही असे समजावे. पण मुख्य उत्तर वेगळे आहे. तयार कपड्याला तुमच्या बाळाचा जन्ममहिना ठाऊक नसतो, तुमचे घर पत्र्याचे आहे की स्लॅबचे ते ठाऊक नसते, बाळाची मान किती घामेजते तेही ठाऊक नसते. हे सगळे लक्षात घेऊन विणता येत असेल तरच हातच्या विणकामाचा वेळ सार्थकी लागतो. ते लक्षात न घेता विणलेला स्वेटर आणि दुकानातला स्वेटर यांत बाळाच्या दृष्टीने काहीच फरक नाही.

तेव्हा या दिवाळीआधी विणायला घेणार असाल तर आधी बाळाचा महिना मोजा, वेष्टण वाचा, नमुना धुवा आणि मग साखळी घाला. झबले लहान झाले की स्वच्छ धुवा, कडक उन्हात वाळवा, कडुलिंबाच्या पानांत ठेवा आणि नात्यात किंवा गल्लीत पुढचे बाळ येईल तेव्हा त्याला द्या. सूत प्रत्येक धुण्याला मऊ होत जाते. आज वरून घालायचे म्हणून विणलेले झबले चार बाळांच्या अंगावरून गेले की पाचव्या बाळाला थेट कातडीला लावण्याइतके मऊ झालेले असेल.